पिंगळा की रानपिंगळा? (सोसायटीतल्या झाडाचा प्रश्न आहे, जाणकारांनी मदत करा)

टेकडीखालची | सोमवार, रात्री ९:४०

पक्षीवाले कोणी जागे आहेत का? थोडी घाई आहे.

आमची सोसायटी वेताळ टेकडीच्या पायथ्याला, कोथरूडच्या अंगाला. आवारात एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. त्याची एक जाड फांदी वाळली आहे आणि त्या फांदीतल्या ढोलीत छोट्या घुबडांची जोडी राहते. फांदी बरोबर पार्किंगवर येते. गेल्या पावसाळ्यात तिचा तुकडा एका गाडीच्या बॉनेटवर पडला, तेव्हापासून ती कापायची असं कमिटीचं ठरलंय. ठेकेदार या शनिवारी येणार.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी काल त्या घुबडाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हा अतिदुर्मीळ रानपिंगळा आहे, जगात फक्त मध्य भारतात सापडतो, फांदीला हात लावाल तर तुरुंगात जाल.' सेक्रेटरींचं उत्तर, 'काकू, हा साधा पिंगळा आहे. पुण्यात गल्लोगल्ली असतो. शनिवारी गाड्या हलवून ठेवाव्यात.' त्यानंतर ग्रुपवर जे काही चाललंय ते इथे लिहीत नाही.

काकूंचे मुद्दे असे. घुबड सकाळी साडेनऊला बाहेर बसलेलं असतं, म्हणजे दिवसा फिरणारं आहे. डोक्यावर ठिपके दिसत नाहीत. आणि बाजूला टेकडीचं रान आहे. फोटो जोडलाय, मोबाईलवर झूम करून काढलेला, सांभाळून घ्या.

रानपिंगळा असू शकतो का? आणि फरक कसा ओळखायचा?

---

आळशी_बोका | रात्री ९:५२

डोळे वटारून बघतंय म्हणजे पुण्यातलंच आहे.

(जाणकारांच्या प्रतीक्षेत. जागा पकडून ठेवली.)

---

निशाचर | रात्री १०:३५

फोटो मोठा करून पाहिला. पिंगळाच आहे हा. ठिपकेवाला, आपला रोजचा. आता कारणं सांगतो, म्हणजे ग्रुपवर तुम्हाला मांडता येतील.

डोक्यापासून सुरुवात केली की फसगत होते. खरं आहे की पिंगळ्याच्या डोक्यावर बारीक पांढरे ठिपके असतात आणि रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, राखट तपकिरी असतं. पण सकाळचं ऊन थेट टाळूवर पडलं आणि मोबाईलने उजेड स्वतःच वाढवला, की ते ठिपके फोटोत विरघळून जातात. तुमच्या फोटोत नेमकं तेच झालंय. कपाळापाशी, उजव्या भुवईच्या वर पाहा, दोनतीन ठिपके तिथे सावलीत वाचलेत.

डोकं सोडा आणि छाती बघा. रानपिंगळ्याची छाती तपकिरी, जवळजवळ सलग, जशी काही बिनबाह्यांची बंडी घातली आहे, आणि तिच्या खाली पोट एकदम पांढरंशुभ्र. कुशीला पट्टे असतात, पण पोटाचा मधला भाग कोरा. पिंगळ्याचं तसं नाही. त्याचे तपकिरी ठिपके आणि तुटक आडव्या रेघा छातीपासून खाली पोटापर्यंत उतरत जातात. तुमच्या फोटोतल्या पक्ष्याच्या पायांच्या वरपर्यंत त्या रेघा स्पष्ट दिसतात. एवढ्यावरच निकाल लागतो खरं तर.

शेपूट दिसलं असतं तर आणखी सोपं झालं असतं. रानपिंगळ्याच्या शेपटीवर आणि पंखांवर रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे असतात. पिंगळ्याचे पट्टे अरुंद. रानपिंगळ्याचे पाय मात्र पाहण्यासारखे, जाडजूड आणि पांढऱ्या पिसांनी बोटांपर्यंत भरलेले. आकाराने दोघांत फार फरक नाही, पिंगळा साधारण २१ सेंमी आणि रानपिंगळा २३, त्यामुळे 'मोठा वाटला' याला काही अर्थ नाही. पण रानपिंगळ्याचं डोकं आणि चोच शरीराच्या मानाने थोराड दिसते.

---

टेकडीखालची | रात्री १०:४८

धन्यवाद निशाचर! भुवईवरचे ठिपके दिसले. पण दिवसा बाहेर बसण्याचं काय? घुबड ना ते?

---

निशाचर | रात्री ११:०२

पिंगळा दिवसा बाहेर बसतोच. थंडीच्या दिवसांत सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेली जोडी पुण्यात कुठेही दिसते. कोणी खाली उभं राहून टक लावून पाहिलं की मान खाली-वर करून तोही पाहतो, मग आत सटकतो. मात्र त्याचा शिकारीचा जोर संध्याकाळी आणि रात्री. रस्त्यावरच्या दिव्याखाली जमलेले किडे टिपताना तो सहज दिसतो.

रानपिंगळा दिवसा शिकार करतो. फरक तिथे आहे. नुसतं बसणं मोजायचं नाही, बसून तो काय करतोय ते बघायचं.

---

झूमलेन्स | मंगळवार, सकाळी ७:१५

निशाचर यांना +१. मी दोन्ही पाहिलेत, म्हणून थोडी भर.

मेळघाटात पहिल्यांदा रानपिंगळा पाहिला तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते. सागाचं विरळ रान, पानगळ झालेली. निष्पर्ण सागाच्या अगदी शेंड्यावर, उघड्यावर, उन्हात हा बसलेला. पिंगळा असा शेंड्यावर उघडा बसत नाही, त्याला पाठीशी काहीतरी लागतं, खोड, ढोल, भिंत. हा बसला होता आणि शेपटी झटक्याने डावीकडे-उजवीकडे हलवत होता. एकाएकी सरळ खाली झेप, पाचोळ्यात धडपड, आणि वर आला तेव्हा पायात सापसुरळी. ती घेऊन शेजारच्या झाडाच्या बेचक्यात गेला, अर्धी खाल्ली आणि उरलेली तिथेच कोंबून ठेवली! असा उरलेला माल साठवायची त्याची सवय अभ्यासकांनीही नोंदवलेली आहे.

उडणंही निराळं. पिंगळा चार फडके मारतो, मग पंख मिटून गोता, पुन्हा फडके, लाटेसारखा जातो. रानपिंगळा पंख खोलवर मारत जड उडत गेल्यासारखा वाटला.

आवाज तर अजिबातच मिळत नाही. पिंगळ्याची जोडी भांडल्यासारखी चिर्र-चिर्र-चिवाक-चिवाक करत सुटते, तुम्ही तो आवाज रोज ऐकत असणार. रानपिंगळ्याची साद छोटी, गोलसर, मऊ. एकदा कानात बसली की विसरत नाही.

टेकडीखालची, आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका. काकूंच्या फोटोपेक्षा तो जास्त बोलेल.

---

गणपुले_काका | सकाळी ८:०५

आमच्या लहानपणी शनिवार पेठेत पहाटे कंदील घेऊन पिंगळा जोशी यायचा. कुडमुडं वाजवत अंगणात उभा राहायचा आणि पिंगळा पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असं सांगून घरातल्यांचं भविष्य वर्तवायचा. आजी सूपभर धान्य घालायची. सांगायचा मुद्दा, हा पक्षी आपल्या वाड्यांत, वडापिंपळांत पिढ्यान् पिढ्या आहे. तुमच्या सेक्रेटरींचं 'गल्लोगल्ली' बरोबर आहे. पण गल्लोगल्ली आहे म्हणून फांदी तोडा, हे गणित कुठून आलं?

---

आळशी_बोका | सकाळी ८:२०

काका, +१००. माणसंही गल्लोगल्ली आहेत.

---

रानवाटा | सकाळी ११:३०

एक तिसरा गडी विसरताय सगळे. पुण्याच्या आसपास रानातलं छोटं घुबड म्हणून लोक जे फोटो टाकतात ते बहुतेक जंगल आउलेट असतं. सिंहगड व्हॅली, मुळशी, ताम्हिणी, घाटाकडच्या रानात तो आहे. अंगभर बारीक आडव्या पट्ट्या, डोक्यावर, पाठीवर, छातीवर सगळीकडे, जाळी ओढल्यासारख्या. पिंगळ्यासारख्या जाड पांढऱ्या भुवया नाहीत. त्याची साद एका लयीत सुरू होते, वेग घेते आणि ओसरते. तो या दोघांच्या प्रजातीतलाही (जीनस) नाही, त्याची प्रजाती वेगळी, ग्लॉसिडियम. पिंगळा आणि रानपिंगळा दोघेही अथीनी या प्रजातीतले.

जुन्या मराठी पुस्तकांत या छोट्या घुबडांची नावं एकमेकांत मिसळलेली आहेत, तेव्हा काकूंनी कुठेतरी 'रानपिंगळा, पुणे जिल्हा' असं वाचलं असेल तर तो हा जंगल आउलेट असण्याची शक्यता जास्त.

तुमच्या फोटोत तो नाही. भुवया पाहा.

---

माधवी_क | सकाळी ११:५८

पण रानपिंगळ्याला आधी वेगळी प्रजाती, हेटेरोग्लॉक्स की काहीतरी, म्हणायचे ना? मग दोघे भाऊ कधी झाले?

---

रानवाटा | दुपारी १२:२०

बरोबर, हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा तेच नाव दिलं. आदल्या वर्षी ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर-बसनाच्या बाजूला तो मिळवला होता. पुढे काहींनी त्याला अथीनीत घातलं, काहींनी वेगळा ठेवला. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं की तो अथीनीच्याच फांदीत बसतो. म्हणजे आपल्या पिंगळ्याचा नातलगच. ग्लॉसिडियमशी त्याचा संबंध नाही, दिसायला वागायला कितीही तसा वाटला तरी.

---

गणपुले_काका | दुपारी १२:४५

ह्यूम म्हणजे काँग्रेसवाले ह्यूम?

---

रानवाटा | दुपारी १२:५०

तेच. १८८५ साली एकीकडे काँग्रेस उभी केली आणि त्याच वर्षी आपला पक्ष्यांचा अवाढव्य संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

---

गणपुले_काका | दुपारी १२:५८

आणि ते पहिलं अधिवेशन पुण्यात भरणार होतं! पटकीची साथ आली म्हणून मुंबईला गेलं. नाहीतर ह्यूमसाहेबांनीही पर्वतीवर पिंगळे मोजले असते.

(विषयांतर. दुपारच्या झोपेला जातो.)

---

शहाद्याचा_भाऊ | दुपारी २:१०

आपला विषय निघाला म्हणून लिहितो, भो. रानपिंगळा १९९७ मध्ये पुन्हा सापडला तो आमच्या शहाद्याजवळ. बातम्यांत 'नंदुरबार जिल्हा' लिहितात, पण तेव्हा आम्ही धुळे जिल्ह्यात होतो, नंदुरबार जिल्हा १९९८ ला झाला.

ही गोष्ट काकूंना आणि सेक्रेटरींना दोघांनाही सांगा, कारण पिंगळा-रानपिंगळ्याचा घोळ भल्याभल्यांनी घातलाय.

१८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाचा सनदी अधिकारी खानदेशात होता. त्याने शहादा-तळोद्याच्या रानातून या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ चा. त्यानंतर जगात कोणालाही हा पक्षी दिसला नाही. अपवाद एकच, कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा एक नमुना, १९१४ चा, तापीकाठच्या मांडवीचा, गुजरातमधला. त्यामुळे पुढचे शोधणारे त्या पत्त्यावरही हिंडले. मध्येच १९६८ साली नागपूरजवळ काढलेले फोटो रानपिंगळ्याचे म्हणून पुढे आले. ते निघाले साध्या पिंगळ्याचे. म्हणजे तुमच्या सोसायटीत चाललंय तेच, फक्त मोठ्या माणसांत.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी संग्रहालयातले सगळे नमुने काढून पाहिले. तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांचा १९१४ चा नमुना म्हणजे संग्रहालयातून पळवलेला डेव्हिडसनचाच जुना पक्षी. आतला भराव बदलून, शिवण नवी घालून, खोटी चिठ्ठी लावलेली. पण डेव्हिडसनची पक्षी भरायची स्वतःची पद्धत होती आणि तिच्या खुणा कातड्यावर राहून गेल्या होत्या. या माणसाने अशा बऱ्याच पक्ष्यांच्या चोऱ्या केल्याचं नंतर उघड झालं.

खोटा पत्ता बाद झाला तेव्हा उरले खरे जुने पत्ते. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट आधी छत्तीसगडच्या बाजूला फिरले, तिथे काही मिळालं नाही. मग खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या रानात, उघड्या झाडावर, उन्हात बसलेला सापडला. ११३ वर्षांनी.

---

माधवी_क | दुपारी २:४०

बापरे. चोरी करून वर खोटा पत्ता!

---

झूमलेन्स | दुपारी ३:०५

गंमत म्हणजे पुढे गुजरातेत डांगच्या जंगलात रानपिंगळा खरोखरच सापडला. म्हणजे कर्नलने थाप मारली आणि राज्य बरोबर निघालं. तरी थाप ती थापच.

सापडला कुठे कुठे ते एकदा लिहून ठेवतो, काकूंसाठी. तोरणमाळ, यावलच्या बाजूचा सातपुडा, मेळघाट, मध्य प्रदेशात खांडव्याची रानं, डांग, आणि २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातलं तानसा अभयारण्य. तानसाच्या बातमीने सगळ्यांना धक्का बसला होता, कारण ते मुंबईच्या उशाशी. त्यामुळे 'आपल्याकडे नसणारच' असं छातीठोक म्हणता येत नाही, हे काकूंच्या बाजूने. पण त्या सगळ्या जागा पानगळीच्या रानाच्या, बहुतेक ठिकाणी साग. वेताळ टेकडीवर काय आहे? ग्लिरिसिडिया, गवत, दगडखाणी आणि सकाळी चालायला येणारे अर्धं कोथरूड.

---

नुसताच_वाचक | दुपारी ३:३०

मी तज्ज्ञ नाही, पण एक शंका. दोघे एकाच कुळातले, आकार सारखा, खाणंही किडे, सरडे, उंदीर असंच. मग एक शहरात मजेत आणि दुसरा नामशेष होता होता वाचलेला, असं का?

---

निशाचर | संध्याकाळी ६:४५

चांगला प्रश्न. मला जे कळतं ते सांगतो.

पिंगळ्याला ढोल चालते, तशी जुन्या वाड्याच्या भिंतीतली पोकळीही चालते, छपराखालची सांधही चालते. दिवे लागले की किडे आयते येतात, कचरा आहे तिथे उंदीर आहेत. आपण जे काही करतो त्यातून त्याचं भागतं. एका पुणेकर पिंगळ्याच्या ढोलीखाली पडलेल्या पेलेट मी कागदावर सोडवून पाहिल्यात. पेलेट म्हणजे न पचलेला भाग गोळा होऊन तोंडावाटे बाहेर टाकतात ती गोळी. भुंगेऱ्यांच्या पंखांची चकचकीत टरफलं, झुरळांचे पाय, चिचुंद्रीच्या जबड्याचा इवलासा तुकडा आणि एका गोळीत चक्क पतंगाच्या मांज्याचा धागा. याच्या खाण्यात सोवळंओवळं नाही.

रानपिंगळ्याला मात्र मोठ्या झाडांचं, मध्ये मध्ये उघडं असलेलं रान लागतं. ढोलीसाठी जुनी झाडं, बसायला उघडे शेंडे, आणि खाली सरडे-सापसुरळ्या दिसतील अशी मोकळी जमीन. दाट रान झालं तरी त्याला अडचण, आणि रान तोडून शेत झालं तर संपलंच. त्यातून पिल्लं कमी. पिंगळा तीनचार अंडी घालतो, रानपिंगळा बहुतेक वेळा एक किंवा दोन. नराने स्वतःचंच पिल्लू खाल्ल्याचीही नोंद आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेने २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' या पायरीवर आणलं, कारण नव्या जागा सापडत गेल्या. तरी जगातले प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच धरले जातात.

---

शहाद्याचा_भाऊ | संध्याकाळी ७:२०

निशाचरभाऊ बरोबर बोलले. आमच्या डोंगराच्या पायथ्याची सागाची रानं बरीच शेताखाली गेली. दोष कोणाला देणार, पोटाचा प्रश्न आहे. आणि घुबड म्हटलं की लोक अजून दगड मारतात, ते वेगळंच.

---

रानवाटा | संध्याकाळी ७:४५

दगड आणि जादूटोणा, दोन्ही. दिवाळीच्या आसपास घुबडं पकडून विकण्याचे प्रकार देशभर होतात आणि त्या धंद्यात दुर्मीळ की साधा हे कोणी विचारत नाही.

पुण्यात या विषयावर काम करणारी मंडळी आहेत हे नवीन लोकांसाठी सांगतो. वाइल्डलाइफ रिसर्च अँड कॉन्झर्वेशन सोसायटी पुण्यातली, त्यांचं रानपिंगळ्यावर मेळघाट आणि खांडव्याकडे काम आहे. इला फाउंडेशनने पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात २०१८ मध्ये उलूक महोत्सव सुरू केला. शाळेतली पोरं घुबडांची चित्रं काढतात, मातीची घुबडं करतात. पिंगोरीला मुलांना घेऊन जा.

---

टेकडीखालची | रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. छाती-पोटाच्या मुद्द्यावरून मलाही पटलं की हा पिंगळा आहे. आवाजही रेकॉर्ड केला, चिर्र-चिवाकच.

पण आता खरी अडचण. काकूंना सांगितलं तर त्या म्हणतात, 'तू गप्प बस, रानपिंगळा म्हटलं तरच फांदी वाचेल.' आणि ग्रुपवर 'पिंगळा आहे' म्हटलं की सेक्रेटरी म्हणणार, 'बघा, मी सांगितलं होतं, कापा.' म्हणजे खरं बोलले तर फांदी जाते.

---

अॅड_टोपणनाव | रात्री ९:५०

जात नाही. काकूंना खोटं बोलायची गरजच नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली घुबडांच्या सगळ्या जाती संरक्षित आहेत, तुमचा गल्लोगल्लीचा पिंगळा धरून. आणि त्या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या पुष्कळ रुंद आहे. वन्य पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं, हेही त्यात येतं. चालू घरट्याची ढोल करवतीने खाली आणणं म्हणजे काय, ते सेक्रेटरींना तुम्हीच विचारा.

दुसरं, झाडाचा कायदा निराळा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५. झाड खासगी आवारात असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पुण्यात त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो आणि फांद्या छाटायच्या असल्या तरी तो करायचा असतो. ठेकेदार शनिवारी येणार म्हणताय, तर परवानगीचा कागद मागा. मला शंका आहे तो आहे की नाही. अर्ज करताना 'झाडावर चालू घरटं आहे' हे लिहून द्या आणि फोटो जोडा.

तुरुंगाची भाषा मात्र ग्रुपवर नको. लोक चिडतात आणि मग घरटं रात्रीत गायब होतं. असे प्रकार पाहिलेत.

---

आळशी_बोका | रात्री ९:५८

वकीलसाहेब, दंडवत. धागा वाचनखुणेत.

---

संपादक_मंडळ | रात्री १०:१०

धाग्याच्या पहिल्या फोटोत सोसायटीची पाटी आणि गाड्यांचे नंबर दिसत होते, तो भाग कापून फोटो पुन्हा चढवला आहे. घरट्यांच्या नेमक्या जागा धाग्यावर देऊ नयेत.

---

झूमलेन्स | बुधवार, सकाळी ६:५५

संपादकांचे आभार. आणि कृपया, काकूंना सांगा, फ्लॅश नको आणि मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणंही नको. फेब्रुवारी चाललाय, जोडी अंड्यांवर असायची दाट शक्यता. नर खाणं आणून देतो, मादी आत. आवाज वाजवला की नर दुसरा पिंगळा घुसलाय समजून शिकार सोडून भांडायला येतो.

---

टेकडीखालची | सकाळी १०:३०

अॅड_टोपणनाव, परवानगीचा कागद नव्हता! ठेकेदार म्हणाला, 'फांदीला कशाला परवानगी?' सेक्रेटरी जरा नरमलेत. त्यांचं म्हणणंही अगदीच चूक नाही, फांदी खरंच धोकादायक आहे आणि पावसाळ्याआधी काहीतरी करावं लागेल. ते विचारतात, किती दिवस थांबायचं? पिल्लं कधी उडतात?

---

निशाचर | सकाळी ११:१५

सेक्रेटरींना माझा नमस्कार सांगा, योग्य प्रश्न विचारलाय.

पिंगळ्याची वीण नोव्हेंबर ते एप्रिल. अंडी उबायला साधारण महिना, त्यानंतर पिल्लं ढोलीबाहेर पडायला आणखी जवळपास महिना. आज अंडी असली तर एप्रिलच्या मध्यापर्यंत पिल्लं बाहेर, थोडं उशिरा धरलं तरी एप्रिलअखेर. बाहेर पडलेली पिल्लं काही दिवस त्याच झाडावर घुटमळतात, आईबाप भरवत असतात. म्हणजे मे महिन्यात काम केलं तर पावसाच्या आधी होतं. तोवर त्या फांदीखाली गाडी लावायची नाही, एवढंच. दोन खुंट्या आणि दोरी बांधा.

मे मध्येही पूर्ण फांदी नको. पुढचा लांब भाग छाटला की वजन कमी होतं, ढोलीचा बुंध्याकडचा भाग राहू शकतो. तो भाग किती पोकळ आहे ते उद्यान विभागाच्या माणसाला वर चढून बघायला सांगा. ढोल ठेवता आली तर पुढच्या हिवाळ्यात तीच जोडी तिथे येईल, कारण पिंगळे जागा सहजी सोडत नाहीत.

आणि एप्रिलमध्ये पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर लगेच खोक्यात घालून घरी नेऊ नका. जखमी नसेल तर जवळच्या फांदीवर किंवा उंच जागी ठेवून लांब व्हा, मांजरं-कुत्री तेवढी हाकला. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

---

माधवी_क | सकाळी ११:४०

मांजरांचं नीट बघा हं. आमच्याकडे तसंच एक गेलं.

---

टेकडीखालची | रात्री ८:२०

अपडेट. कमिटीची बैठक झाली. शनिवारचा ठेकेदार रद्द. उद्यान विभागाला अर्ज उद्या जातोय, घरट्याच्या उल्लेखासह. मे च्या पहिल्या आठवड्यात छाटणी, तीही परवानगी मिळेल तेवढीच. फांदीखालच्या दोन पार्किंग जागा तोवर बंद, त्यांतली एक सेक्रेटरींची स्वतःची आहे, त्यामुळे ते खूश नाहीत.

काकू अजूनही रानपिंगळाच म्हणतात. निशाचर यांचा छातीचा मुद्दा सांगितला तर म्हणाल्या, 'तो पिल्लू असेल, मोठा झाला की पोट पांढरं होईल.' याला काय उत्तर देऊ?

---

निशाचर | रात्री ८:४५

पोट पांढरं होत नाही म्हणावं. पिंगळ्याची पिल्लंही ठिपक्या-रेघांचीच असतात, फक्त रंग फिका, पिसं लोकरीसारखी आणि डोक्यावरचे ठिपके पुसट. एप्रिलमध्ये दोन्ही पिढ्या शेजारी बसतील तेव्हा काकूंना खालून दुर्बीण द्या, बाल्कनीतून नको. बाल्कनीतून पाठ दिसते, पोट नाही.

---

शहाद्याचा_भाऊ | रात्री ९:०५

आणि काकूंना खरा बघायचा असेल तर हिवाळ्यात तोरणमाळला या. सकाळी लवकर उठायची गरज नाही, नऊनंतर निघालो तरी चालतं. रस्त्याची मात्र खात्री देत नाही.

---

टेकडीखालची | रात्री ९:१२

विचारलं. 'डिसेंबरमध्ये जाऊ, सेक्रेटरींनाही घेऊन,' म्हणतात.